नदीपलीकडचं भात

आमच्या घरात राबायचं कोणी आणि मिरवायचं कोणी, हे नानांनी कधी तोंडानं सांगितलं नाय, पण ते ठरलेलं होतं. राबायला माझा नवरा साईनाथ आणि मिरवायला माझा दीर ऋतिक. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना ही दोनच पोरं. थोरल्याला हाक मारली की त्यांच्या आवाजात काम असायचं, धाकट्याला हाक मारली की कौतुक. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, माझे कान काय बहिरे नायत.

तरी एक वेळ ह्यांची होती. नाना गेल्या पावसाळ्यात बांधावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ओटीवरच्या खाटेला लागले. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात, त्याच्यापुढं नाय. शेत त्यांना दिसेनासं झालं. मग संध्याकाळी हे शेतावरून यायचे, हातपाय धुवायचे, ओटीच्या पायरीवर बसायचे आणि नाना एकेका खाचराचं नाव घेऊन विचारायचे. वडाखालच्यात पाणी किती हाय. लांबट्याच्या बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली का. भात पोटरीत आलं का. हे सांगायचे. ह्यांना एरवी बोलता येत नाय, चारचौघांत तर तोंड शिवल्यावाणी बसतात, पण त्या पायरीवर बसले की असं सांगायचे, की मी चुलीपुढं भाकरी थापता थापता कान तिकडं लावून बसायची. नाना 'बरं केलंस' असं कधी म्हणाले नायत. मान हलवायचे. तेवढ्यावर हा माणूस खूश असायचा.

दसऱ्याच्या सुमारास ऋतिकनं ते ड्रोन आणलं. तो खोपोलीला, शिळफाट्याच्या पुढं एका कंपनीत पाळीवर जातो. कळंबच्या रिसॉर्टवर लग्नाचे फोटो काढायला मुंबईचा एकजण यायचा, त्याच्याकडून ह्यानं जुनं घेतलं. केवढंसं ते. पाय दुमडले तर शिळ्या भाकरीच्या डब्यात मावेल. पण वर गेलं की मधमाशांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज, आणि सगळी आळी माना वर करून उभी. दोन दिवसांत गावातली पोरं त्याला दादा दादा करायला लागली. मुलीकडचे लोक स्थळाचा फोन करायचे ते पण आधी ड्रोनचं विचारायचे.

पहिल्याच दिवशी त्यानं नानांच्या खाटेवर बसून मोबाइलवर आमची शेतं दाखवली. नानांनी चष्मा लावला आणि पडद्याला बोट लावत म्हणाले, "हे वडाखालचं. आन हा लांबट्या. ऋत्या, तू मला शेतावर नेलंस रं."

नेलंस म्हणे. त्याच्या पायाला त्या अख्ख्या सालात चिखल लागला नव्हता.

त्या संध्याकाळी हे पायरीवर येऊन बसले. "वडाखालच्याला लोंब्या वाकल्यात," असं म्हणायला तोंड उघडलं, तर नाना म्हणाले, "बघितलं मी. आन लांबट्याच्या कोपऱ्यात बांध खचलाय, तो धरला नायस अजून."

"उद्या धरतो."

"वरून समदं दिसतंय."

हे उठले आणि गोठ्यात गेले. बैलांना चारा घातलेला होता, तरी तिथंच बसून राहिले. पुढं चार-आठ दिवस येऊन बसायचे पायरीवर, पण नानांचं विचारणं संपलं होतं. मग हे बसायचे पण बंद झाले. मला राग ह्यांच्यापायी आला का माझ्यापायी, ते मला विचारू नका. मी जळत होते. भावोजी ते यंत्र फडक्यानं पुसत बसायचे तेव्हा मला वाटायचं, एक कावळा झडप घालील तर बरं होईल.

आता सावडीचं सांगते, नायतर पुढचं कळणार नाय. आमच्याकडं कापणीला मजूर मिळत नाय. सगळे फार्महाऊसवर नायतर रिसॉर्टवर. म्हणून सावड असते. आज तुमी आमच्या शेतात, उद्या आमी तुमच्या. नानांचे धाकटे भाऊ येसाजीकाका नदीपलीकडं राहतात, आणि दोन्ही घरांची सावड माझ्या सासूच्याही आधीपासूनची. ह्या साली ती मोडली. कारण ऐकाल तर हसाल. काकांनी कुठूनसं नवं बियाणं आणलं, मागच्या साली त्यांचं भात आमच्यापेक्षा जास्त उतरलं, आणि त्यांनी नानांना त्यातलं मूठभर बी दिलं नाय. मागितलं होतं का, तर तेही नाय. नानांचं म्हणणं, भावानं न मागता द्यावं. नाना म्हणाले, ह्या वर्षी त्या घरची माणसं माझ्या शेतात नकोत आन आपली तिकडं नकोत.

म्हणजे कापणी कोणाच्या कमरेवर आली? ह्यांच्या आणि माझ्या. ऋतिकची कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, आणि सुट्टी असली की ड्रोन.

नानांनी शेत बघून झाल्यावर देऊळ बघितलं, पूल बघितला, नदी बघितली. मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणत होते, "ऋत्या, हे येसाच्या शेतापर्यंत जाईल का?"

"लांब हाय नाना. सिग्नल तुटला तर?"

"बघ तरी. त्याचं ते शहाणं बियाणं उंच वाढतंय म्हणतात. परवाच्या पावसात लोळलं असंल."

सत्तरी ओलांडलेला माणूस, खुबा मोडलेला, आणि डोळ्यात कसली चमक, भावाचं भात आडवं पडलेलं बघायची. मी मनात म्हटलं, आपण एकट्याच जळकुकड्या नाय ह्या घरात.

ऋतिक रोज थोडा थोडा पुढं जायचा. एक दिवस नदीच्या अलीकडं, एक दिवस पाण्यावर. हातातलं ते खटक्याचं यंत्र उंच धरून अंगणात तोंड वळवत उभा राहायचा, कारण म्हणे त्याचं तोंड ड्रोनकडं हवं. त्यालाही आता चव लागली होती. "एवढ्या लांब आपल्या तालुक्यात कोण नेत नसंल वहिनी," मला म्हणाला. मी म्हटलं, "व्हय, आन एवढे भारे पण कोण एकटा बांधत नसंल." त्याला कळलं नाय, का कळून घेतलं नाय.

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून खाचरात पसरलेलं, दोन उन्हं खाऊन वाळलेलं, आता भारे बांधून खळ्यावर आणायचं. आणि मोबाइलवर पावसाचा इशारा. दुपारपासून घाटाच्या अंगाला आभाळ काळं व्हायला लागलं. कापलेलं भात भिजलं की जागेवर मोड येतात, मग ते कोंबड्यासुद्धा नीट खात नायत. आमी दोघं सकाळपासून वाकलेलो. मी पेंढ्या गोळा करायची, हे गुडघा देऊन आवळायचे, डोक्यावर घेऊन खळ्यावर टाकायचे. ह्यांच्या मानेवर कुसळं रुतून लाल वळ उठले होते.

"ऋतिकला बोलव," हे म्हणाले. "आज सुट्टी हाय त्याची. तासभर आला तरी वडाखालचं आवरंल."

मी घरी गेले. जास्तीच्या दोऱ्या पण घ्यायच्या होत्या. अंगणात भावोजी ते वर सोडायच्या तयारीत आणि नाना खाटेवर सरसावून बसलेले.

"भावोजी, ह्यांनी बोलावलंय. पाऊस येतोय."

"आलो वहिनी. एवढं एकदा..."

"येसाचं बघून घेऊ दे," नाना म्हणाले. "मग जाईल. वारा पडलाय तेवढ्यात होऊ दे."

वारा पडलाय हे खरं दिसत होतं. आमचं घर टेकडीच्या पोटात, मागं आंब्याची झाडं. खळ्यावरचा भुसा जागचा हलत नव्हता. उफणायला सूप घेऊन उभं राहिलं असतं तर वाऱ्याची वाट बघत बसावं लागलं असतं. शेतकरी माणूस वारा बघतो तो खळ्यावर बघतो. आंब्याच्या शेंड्याच्या वर काय चाललंय ते बघायचं आमच्यात कोणाला कधी कामच पडलं नव्हतं.

मी दोऱ्या काखेत घेऊन तिथंच थांबले. जायला पाहिजे होतं. पण बघायचं होतं मला पण, खोटं कशाला सांगू.

ड्रोन वर गेलं, आंब्यावरून सटकलं आणि दिसेनासं झालं. मोबाइलवर खाचरं पळायला लागली. आमचं लांबट्या आलं, त्यात हे वाकलेले, एवढेसे. मग रस्ता, मग पूल.

"आज लय पळतंय," ऋतिक हसून म्हणाला. "रोजच्याहून निम्म्या वेळात नदीवर आलं."

"मग. माझ्या पोराच्या हातात हाय," नाना म्हणाले.

का पळतंय हे त्या दोघांनी एकमेकांना विचारलं नाय. नदी ओलांडली, आणि येसाजीकाकांचं शेत आलं. नानांनी मोबाइल जवळजवळ नाकाला लावला.

"खाली घे. अजून. लोंब्या दिसू देत."

भात लोळलेलं नव्हतं. निम्मं कापून झालेलं, भाऱ्यांची रांग लागलेली, आणि निम्मं उभं. उभं होतं ते असं भरलेलं, पिवळंधमक, की मला पण बघून कसंसं झालं. नानांचं तोंड उतरलं. मी इतकी वर्षं त्या तोंडाकडं बघतेय, असं उतरलेलं सासू गेली त्या दिवशीच बघितलं होतं.

"ते नदीकाठचं खाचर बघ," ते म्हणाले. "ते सखल हाय. ते पडलंच असंल."

"नाना, बॅटरी निम्मी झाली. मागं घेतो."

"निम्मी हाय ना? येताना तेवढीच लागंल. बघ बघ, पुढं घे."

ऋतिकला नाय म्हणता आलं नाय. लाडाचं पोर झालं म्हणजे काय झालं, त्यालाही बापाचा शब्द मोडता येत नव्हता. त्यानं पुढं घेतलं. नदीकाठचं पण उभंच होतं. तेवढ्यात मोबाइल टूं टूं करायला लागला, वर लाल अक्षरं आली. ऋतिकच्या तोंडावरचं हसू गेलं.

"काय रं?" नाना म्हणाले.

"वारा सांगतंय. जोराचा."

"इथं कुठं हाय वारा?"

ऋतिकनं ड्रोन मागं वळवलं. दोन्ही अंगठ्यांनी खटके शेवटपर्यंत दाबून धरले. मोबाइलवर खाली एक पळसाचं झाड होतं. आमी बघतोय, बघतोय, आणि ते झाड तिथंच. यंत्र सगळा जीव लावून आमच्याकडं येतंय आणि झाड काय मागं जाईना. बॅटरीचा आकडा मात्र डोळ्यादेखत उतरायला लागला.

"वर घे," नाना म्हणाले. "वर मोकळं असंल."

त्यानं वर घेतलं. आता पळस उलटाच पुढं सरकायला लागला, म्हणजे ड्रोन मागं चाललं. ऋतिकच्या कपाळावर घाम. चित्र अडकत होतं, फुटत होतं. "खाली घेतो, खाली घेतो," असं स्वतःशीच म्हणत त्यानं खाली आणलं. गवत, बांध, कोणाच्या तरी पेंढ्याची उडवी, मग सगळं गरगरलं. शेवटी पडद्यावर तिरका पेंढा आणि चपलेतले दोन पाय दिसले. मग काळं झालं.

"गेलं?" नानांनी विचारलं.

ऋतिक पायरीवर बसला, तीच पायरी. मला काय वाटलं? मला बरं वाटलं. आतून गार वाटलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि जरा कमी बरं वाटलं, पण वाटलं.

"जातो आणायला," तो म्हणाला.

"त्या दारात माझं पोर जाणार नाय," नाना म्हणाले. "येसा काय म्हणेल? दादा चोरून बघतोय म्हणेल."

"मग काय तिथंच ठेवायचं?"

तेव्हा मी बोलले. "मी आणते. येसाजीकाकांच्या घरची आनंदीकाकी माझ्या माहेरच्या गावची हाय, मी गेले तर कोणाचं नाक खाली जात नाय. पण भावोजींनी आत्ताच्या आत्ता शेतावर जायचं. भारे बांधायला."

नाना माझ्याकडं बघत राहिले. सुनेनं अट घालायची पद्धत आमच्या घरात नव्हती. पण गरज त्यांची होती. "जा रं," ते ऋतिकला म्हणाले, आणि मी काखेतल्या दोऱ्या त्याच्या हातात दिल्या.

पुलावरून गेलं तर वळसा पडतो, म्हणून मी साकवावरून गेले. टेकडीचा आडोसा सुटला तसं कळलं वारा म्हणजे काय. साकवाच्या मध्यावर पदर असा ओढला जात होता की एका हातानं कठडा आणि एका हातानं साडी धरून चालले. नदीचं पाणी उलटं सुरकुतत होतं. टेकडीच्या ह्या अंगाला एवढा वारा, आणि आमी अंगणात बसून म्हणत होतो वारा पडलाय.

येसाजीकाका खळ्यावर होते. ड्रोन त्यांनी सुपात ठेवलं होतं, नव्या बाळाला ठेवतात तसं, आणि बाजूला बसले होते. एक पातं मोडलं होतं, बाकी धड होतं. मी डोक्यावर पदर घेऊन वाकून पाया पडले.

"ये सूनबाई. मला वाटलंच कोणीतरी येणार." आवाजात राग नव्हता. "रोज बघतोय मी. नदीपर्यंत येतंय आन मागं जातंय. मी हिला म्हटलं, दादाचंच असणार. त्याच्याशिवाय कोणाला एवढा जीव लागलाय माझ्या भाताचा."

आनंदीकाकी पदराआड हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

"वाऱ्यावर वाट चुकलं काका," मी म्हटलं.

"एवढ्या वाऱ्यात सोडायचं नव्हतं. पण काय यंत्र हाय. ऋतिकचं ना? हुशारच हो पोरगं पहिल्यापासून. दादाचं नशीब."

झालं. नदी ओलांडून आले तरी तेच. सकाळपासून पाठीचा काटा मोडलाय, नवरा तिकडं मानेवर वळ घेऊन भारे वाहतोय, आणि इथं पण ऋतिक हुशार. माझ्या डोक्यात कळ गेली.

"ऋतिकचं नाय," मी म्हटलं. "आमच्या ह्यांचं हाय."

काकांनी मान वर केली. "साईनाथचं?"

"व्हय."

"साईनाथ उडवतो? तो खाली मान घालून चालणारा?"

"शिकले. दिवसभर शेतात असतात, संध्याकाळी उडवतात. भावोजींना त्यांनीच शिकवलं." एकदा तोंड सुटलं की माझं थांबत नाय. "कळंबच्या रिसॉर्टवाले बोलवायला येतात. हेच जात नायत. म्हणतात, शेत कोण बघंल."

काका ड्रोनच्या मोडक्या पात्यावरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "माझी दोघं कल्याणला. कापणीला या म्हटलं तर एक म्हणतो रजा नाय, एक म्हणतो कंबर दुखते. आमी दोघं म्हातारी आन दोन वाडीतली माणसं, एवढ्यावर चाललंय. दादाचं बघ. थोरला शेत पण करतो आन हे पण."

बोलताना त्यांचं तोंड तसंच उतरलं, नानांचं उतरलं होतं तसं. भाऊच ते. मला काय गोड लागला तो चहा. साखर कमी होती तरी गोड लागला.

पाऊस त्या दिवशी आला नाय, चार थेंब पडून घाटातच अडकला. मी परत आले तेव्हा वडाखालचं आवरलं होतं, लांबट्या तेवढं राहिलं होतं. ऋतिकच्या तळहाताला फोड आले होते. तो रात्री मोडकं पातं काढून नवं बसवत होता, आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार." मी तिकडं काय बोलून आले ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच नव्हतं. दोन घरांत बोलणं बंद, कोण कोणाला विचारायला जातंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी लांबट्याला निघायच्या तयारीत होतो, हे दोऱ्या खांद्यावर टाकत होते, तर अंगणात येसाजीकाका उभे. मागं आनंदीकाकी, हातात कसलीशी पिशवी. इतक्या महिन्यांनी ते अंगणात आले होते. नाना खाटेवर ताठ झाले.

"काय रं येसा," ते म्हणाले.

"काय नाय. तू माझं भात बघितलंस, आता मला तुझं बघायचंय. वरून." काका खाटेच्या कडेला बसले, न विचारता. "साईनाथ, उडव बघू."

मी पदराचं टोक दाताखाली धरलं.

"मी?" हे म्हणाले.

"मग कोण? सूनबाईनं सांगितलं समदं. दिवसा शेत, संध्याकाळी हे. रिसॉर्टवाले मागं लागलेत म्हणे. दादा, तू कधी बोलला नायस ते." काका खरंच कौतुकानं बोलत होते, त्यांच्या बोलण्यात खोड काढता आली नसती.

नानांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ऋतिक ड्रोन हातात घेऊन दारात उभा होता. त्याच्या तोंडावरून सगळं सरसर वाचता येत होतं, आधी कळलं नाय, मग कळलं, मग कान लाल झाले. तो दोन पावलं पुढं आला आणि ते खटक्याचं यंत्र त्यानं भावाच्या हातात दिलं.

"उडव दादा," म्हणाला.

हे उभे राहिले. खांद्यावर दोऱ्या, हातात ते यंत्र. अंगठ्याला भेगा, त्यात कालची माती. ते यंत्र त्यांनी उलटं धरलं होतं. ते माझ्याकडं बघत होते आणि मी जमिनीकडं. मी त्यांना वर चढवायला गेले होते आणि त्यांना सगळ्यांदेखत असं उभं केलं मी. धरणी दुभंगली असती तर गेले असते आत.

"मला नाय येत," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच. "ऋतिकचं हाय ते."

यंत्र परत दिलं, आणि "भारे ऱ्हायलेत," एवढं बोलून शेताच्या वाटेला लागले. मागं वळून बघितलं नाय.

काकांनी माझ्याकडं बघितलं आणि मग दुसरीकडं बघितलं, हे जास्त लागलं. आनंदीकाकी पिशवी चाळवत बसल्या. मला आत जायला पाहिजे होतं पण पाय उचलेनात. शेवटी ऋतिकनंच ड्रोन वर सोडलं. आज तो आधी आंब्याच्या शेंड्याकडं बघत उभा राहिला, पानं हलतात का ते, आणि मग सोडलं.

दोघं म्हातारे एका मोबाइलवर वाकले. वडाखालचं रिकामं, धसकटं एका रेषेत कापलेली. खळ्यावर रचलेली उडवी, बाहेर एक काडी नाय. मग बांध आले. सगळे बांध पावसाळ्यानंतर नव्यानं धरलेले, कडा सरळ, खचलेला कोपरासुद्धा भरलेला. लांबट्याच्या वाटेवर हे चालत होते, मान खाली.

काका बघत राहिले. "बांध कोणी धरले एवढे?" त्यांनी विचारलं.

"थोरल्यानं," नाना म्हणाले.

"माणसं लावली असतील."

"एकट्यानं." नानांनी चष्मा काढला आणि भावाच्या तोंडाकडं सरळ बघितलं. "हे समदं त्याच्या एकट्याच्या अंगावर हाय. मी खाटेवर पडलो तसं शेत एक दिवस मागं पडू दिलं नाय त्यानं. त्याला उडवता नाय आलं तर नाय आलं. तुझी दोघं हायत ना रं कल्याणला, दोघांना मिळून असा एक बांध धरता येईल का सांग."

काकींनी पिशवी खाटेवर ठेवली, त्यात बी होतं का काय होतं ते मी बघितलं नाय. मी निघालेच. पदर खोचला आणि लांबट्यापर्यंत जवळजवळ पळत गेले. नाना भावाला टोचायला म्हणाले, हे मला कळत नाय का? चांगलं कळतं. भावाचं भात जास्त उतरलं त्याची ती भरपाई होती. कशापायी म्हणाले त्याच्याशी मला काय करायचंय? म्हणाले.

हे भारा आवळत होते. मी आले तरी मान वर केली नाय. गुडघा दाबला, दोरी ओढली, गाठ मारली, दुसऱ्या भाऱ्याकडं वळले. वर कुठंतरी ड्रोनचा आवाज येत होता.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

ह्यांनी पुढचा भारा ओढला.

"पण ऐका तर. तुमी गेल्यावर नाना बोलले."

"काय बोलले?"

मी सांगितलं. बांध, एकट्यानं, एक दिवस मागं पडू दिलं नाय, कल्याणची दोघं. जसं म्हणाले तसं सांगितलं. हे दोरी हातात धरून वाकलेलेच राहिले, आवळलीही नाय आणि सोडलीही नाय.

"कोणासमोर?"

"येसाजीकाकांसमोर. काकी होत्या, भावोजी होते."

ह्यांनी दोरी खाली ठेवली. कमरेला हात देऊन सरळ झाले, घराकडं एकदा बघितलं आणि मग माझ्याकडं.

"काय म्हणाले," हे म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं. ह्या खेपेला थोडं वाढवून सांगितलं.